फुटबॉल क्लबचा कारभार बिघडला तर आधी पैसा संपतो की चाहते?

तुमचा प्रश्न असा की क्लबचं व्यवस्थापन ढिसाळ असलं तर त्याच्या पैशावर आणि चाहत्यांच्या निष्ठेवर काय परिणाम होतो, आणि अशा वेळी चाहत्याने काय करावं.

पैसा आधी संपतो. चाहते सहजासहजी संपत नाहीत आणि मालक मंडळी त्याच जिवावर उड्या मारतात. वाण्याने किडके गहू दिले तर आपण पुढचं दुकान गाठतो. क्लबच्या बाबतीत माणूस किडके गहू निवडत बसतो, वर पुढच्या वर्षाचे पैसेही आगाऊ देतो. सीझन तिकीट म्हणजे दुसरं काय?

मी हिंजवडीतून मार्च २०१९ मध्ये रेडिंगला आलो. इंग्लंडातलं रेडिंग, लंडनच्या पश्चिमेला. आयटीमुळे इथे मराठी माणसं भरपूर आहेत, पण फुटबॉलचा विषय निघाला की सगळे लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टरचे. गावचा क्लब बसने वीस मिनिटांवर आहे, १८७१ साली सुरू झालेला आहे, याचं कोणाला काही नाही. मलाही नव्हतं. पोराला शनिवारी कुठे न्यायचं म्हणून पहिल्यांदा गेलो आणि अडकलो. शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा असायचे. त्यांची आई इथल्या हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यात कामाला होती. क्लबला पूर्वी ‘बिस्किटमेन’ म्हणायचे ते त्या कारखान्यावरून. माझे वडील साखर कारखान्यात, त्यांची आई बिस्किटांच्या. आमचं जमलं.

आता रेडिंगचं काय झालं ते. याच क्लबने २००५-०६ च्या मोसमात विक्रमी १०६ गुण मिळवून प्रीमियर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची श्रेणी, गाठली होती. ती पुढे हातची गेली. मे २०१७ मध्ये दाई योंगे या चिनी उद्योजकाने क्लब घेतला. दुसऱ्या श्रेणीतल्या बहुतेक मालकांचं गणित एकच असतं: एकदा वर चढलो की टीव्हीचा पैसा धो धो येतो, तोवर वाटेल तेवढा खर्च करा. रेडिंगमध्ये तर अशीही वर्षं गेली की शंभर पौंड उत्पन्न असेल तर दोनशेच्या वर नुसत्या पगारात जात होते. चढलो असतो तर याच माणसाचे पुतळे उभारले असते. चढलो नाही. २०२१ पर्यंतच्या चार हंगामांत तोटा ५ कोटी ७८ लाख पौंडांवर गेला, स्पर्धा चालवणाऱ्या लीगची मर्यादा ३ कोटी ९० लाखांची. लीगने सहा गुण कापले. मग घालून दिलेला आराखडा पाळला नाही म्हणून एप्रिल २०२३ मध्ये आणखी सहा. त्या मोसमाअखेर आमचे ४४ गुण होते आणि तिसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून एका जागेने वाचलेल्या कार्डिफचे ४९. कापलेले सहा धरून बघा. मैदानावर पोरं वाचली होती, बुडवलं हिशेबाच्या वहीने.

तिसऱ्या श्रेणीत उत्पन्न आणखी घटतं. पगार वेळेवर झाले नाहीत म्हणून पुन्हा गुण गेले. कर थकला म्हणून पुन्हा. सगळे मिळून १८. महिलांचा संघ २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला. स्टेडियम तर आधीच क्लबकडून काढून मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं. आणि मायकेल ओलिसे, जो आज जर्मनीच्या बायर्नकडून खेळतो, तो आमच्या अकादमीत घडलेला. २०२१ मध्ये करारातल्या एका कलमामुळे (ठरलेली रक्कम कोणी दिली की सोडावंच लागतं) तो सुमारे ८० लाख पौंडांत क्रिस्टल पॅलेस या क्लबला गेला. तीन वर्षांनी पॅलेसने त्याला ५ कोटींच्या आसपास विकलं. असलं कलम लिहिताना कोणाच्या डोक्यात काय होतं देव जाणे.

हे वाचून साखरपट्ट्यातल्या कोणालाही ओळखीचा वास येईल. मला पहिल्याच दिवशी आला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या तालुक्यातल्या एका सहकारी कारखान्यात वजनकाट्यावर होते. नाव लिहीत नाही, अजून भावकी तिथेच आहे. आजोबांचा शेअर अण्णांच्या नावावर आलेला, त्यामुळे ते कामगारही आणि सभासदही. २००८ साली कामगारांचे चौदा महिन्यांचे पगार थकले होते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, फी भरायला आईची पाटली मोडली होती. त्या वर्षीच्या वार्षिक सभेला मी हट्टाने अण्णांबरोबर गेलो. कारखान्याच्या आवारात मांडव, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. ताळेबंदाचा विषय आला. चेअरमन म्हणाले, “मंजूर?” पुढच्या चार रांगा ओरडल्या, “मंजूर, मंजूर!” एक तरणा शेतकरी अहवाल हातात घेऊन उभा राहिला. पान नंबर सांगून थकीत पगाराचं विचारायला लागला, तर त्याच्या हातातला माइकच काढून घेतला. मी अण्णांना कोपराने ढोसत होतो, उठा, बोला, तुमचे चौदा महिने आहेत. अण्णा खाली बघत म्हणाले, “आपण इथंच बसू.” हातात पेढ्याचा कागद होता, त्याच्या घड्या घालत बसले. सभा संपेपर्यंत तो कागद टिकलीएवढा झाला होता.

घरी येऊन मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. धाकटे काका, नाना, चेअरमनच्या गोटातले. ते ओट्यावर बसून म्हणाले, “ऊस आपला, कारखाना आपला, चेअरमन आपला. आपल्याच दारात आपणच बोंब मारायची का?” हा वाद आमच्या घरात तेव्हापासून चालू आहे. नाना म्हणतात, गप्प राहून ऊस घालत राहणं ही निष्ठा. मी म्हणतो, ही निष्ठा नाही, ही फुकटची जामीनकी आहे, आणि जामीनदाराला कागदसुद्धा कोणी दाखवत नाही. पहिली उचल मिळो न मिळो, पुढच्या हंगामाला ऊस तिथेच. कारखाना पुढे एका खासगी कंपनीला भाड्याने गेला. अण्णांचे अर्धे पैसे मिळाले, तेही निवृत्तीनंतर.

आता १३ जानेवारी २०२४. घरच्या मैदानावर पोर्ट व्हेलशी सामना. तोवर १६ गुण कापले गेले होते, म्हणून सोळाव्या मिनिटाला निषेध ठरलेला. चाहत्यांच्या मोहिमेचं नाव ‘सेल बिफोर वी दाई’, म्हणजे ‘आम्ही मरायच्या आत विकून टाक’, मालकाच्या नावावर कोटी. थंडी अशी की पोराने दोन हातमोज्यांवर तिसरा चढवला होता. सोळावं मिनिट लागलं आणि टेनिसचे चेंडू मैदानात पडायला लागले. पाठोपाठ माणसं उतरायला लागली. दहा, पन्नास, बघता बघता शेकडो. पंचांनी खेळाडूंना आत नेलं.

शेजारचे आजोबा उठले. गुडघा वाकत नाही त्यांचा, नेहमी कठड्याला धरून उतरतात. चहाचा थर्मास माझ्या हातात दिला, “धर जरा,” म्हणाले आणि एकेक पायरी करत खाली गेले. कठडा ओलांडताना दोन पोरांनी त्यांना काखेत धरून उचललं. मग हिरवळीवर ते नुसते उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. घोषणा नाही, काही नाही.

माझ्या पोराने विचारलं, “बाबा, आपण पण जायचं?”

गेलो नाही. कारण सांगतो. मार्चमध्ये आमची पाच वर्षं भरत होती, कायम वास्तव्याचा अर्ज भरायचा होता. इथे १९९१ च्या कायद्याने परवानगीशिवाय मैदानात उतरणं हा गुन्हा आहे आणि त्या अर्जात गुन्ह्यांचा रकाना असतो. त्या दिवशी किती जणांना पकडतील, कोणाचे फोटो निघतील, काही सांगता येत नव्हतं. मी पोराला म्हणालो, “आपण इथूनच बघू.” आणि थर्मास मांडीवर घेऊन बसून राहिलो.

खेळ पुन्हा सुरू झालाच नाही. सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं. आजोबा धापा टाकत परत आले, थर्मास घेतला, झाकणात चहा ओतला आणि पहिला पोराला दिला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. नानांचा लगेच आवाजी निरोप: “असल्या दंग्यानं क्लबला नवा धनी मिळतो होय? येणारा पण पळंल!”

तुमच्यासारखे बरेच जण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून नानांना इथेच उत्तर देतो. दोन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, बेअरवूडचं सरावाचं मैदान वायकम या शेजारच्या क्लबला विकायचं ठरलं होतं. लोकांनी आकाशपाताळ एक केलं आणि वायकमने माघार घेतली. ते गेलं असतं तर पुढचा ओलिसे कुठे घडणार होता, पार्किंगमध्ये? आणि मे २०२५ मध्ये क्लब शेवटी घेतला कोणी? रॉब कूहिग यांनी. वायकमचे तेव्हाचे मालक हेच. ज्या माणसाच्या नावाने मार्चमध्ये बोटं मोडली, तोच, दंगा आणि सगळी भानगड माहीत असून आला. पळाला नाही, नाना.

आता थोडं न्यायाने बोलायचं तर निषेधानेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये लीगने दाई यांना मालक म्हणून अपात्र ठरवलं, ‘विका’ म्हणून मुदत दिली, तो दट्ट्या मोठा होता. दाई यांनी स्वतःचा पैसाही ओतला, लुटून नेला असं म्हणता येणार नाही. अव्यवहारीपणा आणि चोरी यांत फरक आहे, जरी पगार न झालेल्या माणसाला तो जाणवत नसला तरी. सगळे क्लबही असे नसतात. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात असतात, तिथे कर्जाचा असा जुगार खेळणं अवघड जातं. (सभासदांच्या हाती मतं आमच्या कारखान्यातही होती म्हणा.) इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आलाय, तो काय दिवे लावतो ते बघायचं.

निष्ठेचं विचारलंत. रेडिंगमध्ये मी पाहिलं ते असं की जुने लोक हलले नाहीत, उलट जास्त घट्ट झाले. गळाले ते माझ्यासारखे नवे, आणि लहान पोरं. माझ्या पोराच्या वर्गातला एक मुलगा त्या दोन वर्षांत निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट काढून आर्सेनलचा घालायला लागला. तो आता परत येत नाही. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही, वीस वर्षांनी रिकाम्या खुर्च्यांत दिसतं.

तुमचा क्लब असा असेल तर हिशेब वाचायला शिका. इंग्लंडमध्ये कंपन्यांचे हिशेब कोणालाही फुकट बघता येतात. पगार किती, उत्पन्न किती, स्टेडियम कोणाच्या नावावर, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. तिकीट काढत राहायचं की बहिष्कार घालायचा यावर आमच्या स्टँडमध्ये अजून एकमत नाही आणि मलाही ठाम सांगता येत नाही. मी काढत राहिलो.

अर्ज मंजूर झाला. गेल्या ऑगस्टमध्ये अण्णा इथे आले होते, त्यांना सामन्याला नेलं. आजोबांनी त्यांच्याशी हात मिळवला. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मध्यंतरापर्यंत बरंच बोलणं झालं. अण्णांचं खेळाकडे फारसं लक्ष नव्हतं. मध्यंतरात गवत नीट करायला आलेल्या माणसांकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मला विचारलं, “ह्यांचे झाले का रे सगळे पगार?”

म्हटलं, “झाले म्हणतात.”

“म्हणतात नको. विचारून घे.”