नाव बदललंस त्याचं जाऊ दे

प्रिय 'मायकल',

पत्रात तू तीन दुखणी सविस्तर लिहिली आहेस: रोज रात्री खोट्या नावाने बोलतोस, अमेरिकनांच्या शिव्या खातोस आणि जळगावच्या आईला 'आयटीत आहे' म्हणून सांगितलंयस. चौथं मात्र दोन ओळींत उरकलंस. ऐरोलीच्या कॉल सेंटरची नोकरी गेल्यावर मित्राने मीरा रोडच्या एका कॉल सेंटरला चिकटवलं, पगार पाकिटातून रोख, आणि स्क्रिप्टमध्ये तू अमेरिकेच्या आयकर खात्याचा अधिकारी. थकलेला कर गिफ्ट कार्डांनी भरायला लावायचा.

पहिल्या तिन्हींनी एवढा खचू नकोस रे. बँकेच्या, टेलिकॉमच्या चांगल्या प्रोसेसमध्येही पोरं मायकल-जेनी होतात, मोबाईल लॉकरमध्ये ठेवतात, एएचटीपायी, म्हणजे कॉल ठरलेल्या सरासरी वेळेत संपवायच्या धाकापायी, पाणी प्यायला उठत नाहीत. शिव्या तर ऐरोलीतही खाल्ल्या असशील. पण तिथे पगार खात्यात जमा व्हायचा, पीएफ कापला जायचा, कॉल रेकॉर्ड होऊन तपासणाऱ्या क्यूएकडे जायचा. इथे यातलं काय आहे?

अमेरिकेचं आयकर खातं गिफ्ट कार्डांवर कर घेत नाही. हे तुलाही कळतं, म्हणून तर 'फोन चालू ठेवूनच दुकानात जा, काउंटरवर कुणाला काही सांगू नका' असं फोनवरच्या त्या अमेरिकन म्हातारीला सांगताना तुझी जीभ अडली.

'मी फक्त फोनवर बोलणारा डायलर, शेवटी पैसे काढून घेतो तो क्लोझर' म्हणतोस. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडलाच अशा कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा 70 जणांना अटक झाली, आणखी शेकडो जण चौकशीत अडकले. सूत्रधार म्हणून ज्याचं नाव आलं, तो सापडला एप्रिल 2017 मध्ये! आधी सापडतात ती खुर्चीवर बसलेली पोरं. आणि आयटी कायद्याच्या कलम 66डी खाली अशा तोतयेगिरीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

तेव्हा आज रात्रीपासून जाऊ नकोस. महिनाअखेरीच्या पाकिटावर पाणी सोड. मोबाईलमधलं काहीही पुसू नकोस. आधी वकील गाठ आणि पोलिसांकडे त्याला घेऊनच जा. फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाची चौकशी कर. त्या मित्राशी तोवर यातलं काही बोलू नकोस, तो कितीही जवळचा असला तरी.

नोकरीसाठी ऐरोलीच्या जुन्या टीम लीडरला फोन कर. दोन वर्षांचा नाइट शिफ्टचा अनुभव वाया जात नाही. आईला नोकरी सुटल्याचं आजच सांग. बाकीचं वकिलाला भेटल्यावर, जळगावला जाऊन, समोर बसून.

– मावशी