ऑगमेंटेड सिक्स्थ ऐकायचाय? मग आधी सी मायनर सोडा

अरे वा, ऑगमेंटेड सिक्स्थ कॉर्ड ऐकून समजून घ्यायचाय म्हणतोस, मस्त विषय घेतलायस! (ज्याच्या खालच्या-वरच्या सुरांत ऑगमेंटेड सिक्स्थ हे अंतर असतं, तो हा कॉर्ड.) सुरुवातीला एवढंच कर, डी मायनरमध्ये बी फ्लॅट, डी, जी शार्प वाजव आणि खालचा-वरचा दोन्ही सूर ए वर जाऊ दे, मधला सी शार्पवर. आधी नेहमीच्या ट्युनिंगमध्ये, मग क्वार्टर-कॉमा मीनटोनमध्ये (मेजर थर्ड शुद्ध ठेवणारं जुनं ट्युनिंग). पहिल्यात बी फ्लॅट ते जी शार्प हा इंटरव्हल (दोन सुरांमधलं अंतर) 1000 सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200 वा भाग), म्हणजे मायनर सेव्हन्थ (बी फ्लॅट ते ए फ्लॅट) आणि हा कानाला अगदी सेम, फरक फक्त कागदावर. मीनटोनमध्ये मात्र हा जवळपास 966 होतो आणि मायनर सेव्हन्थ 1007, आणि 7:4 हे शुद्ध गुणोत्तर 969 ला आहे ना, त्यामुळे कॉर्ड एकदम स्थिर, गोड लागतो, मला तर पहिल्यांदा ऐकून काटा आला होता.

नवीन लोकांची हमखास चूक म्हणजे सी मायनरमध्ये ट्राय करणं. तिथे ए फ्लॅट लागतो, पण मीनटोनमध्ये जी आणि ए मधल्या काळ्या पट्टीला बहुतेक वेळा जी शार्प लावलेला असतो, ए फ्लॅट नसतोच, मग सगळं बेसूर वाजतं आणि दोष ट्युनिंगला देतात. दुसरं, पायथागोरियनमध्ये (शुद्ध फिफ्थ रचून केलेलं जुनं ट्युनिंग) उलटं होतं, तिथे तो इंटरव्हल 1020 पर्यंत ताणला जातो, तेव्हा 'जुनं ट्युनिंग म्हणजे गोड' असं धरून चालू नकोस. या कॉर्डचे फ्रेंच-जर्मन प्रकार आत्ता राहू देत, आधी हा एकच रोज हळू वाजव.