वाचकांचे प्रश्न : पातं, पेला आणि पावसाळा

प्रश्न : माझ्याकडे कार्बन स्टीलचे चार घडीचे चाकू आहेत. तेल लावून, चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवतो, तरी जून ते सप्टेंबर लाल ठिपके येतातच. काय चुकतंय? (एक वाचक, माहीम)

उत्तर : चूक म्यानाची आहे. चामडं हवेतला ओलावा शोषून धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांचे अंश त्या ओलाव्यात उतरतात. समुद्रालगतच्या घरात हे म्हणजे ओला बोळा पात्याभोवती गुंडाळून ठेवण्यासारखंच. म्यान बाहेर नेण्यापुरतं वापरा, साठवणीला नको.

आधी गंज काढा. अगदी बारीक, ०००० क्रमांकाच्या स्टील वूलवर, म्हणजे लोखंडी तारांच्या बोळ्यावर, तेलाचा थेंब घ्या आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा. लाल गंज तेवढा जाऊ द्या. करडा-निळसर थर दिसला तर त्याला हात लावू नका, तो पॅटिना, म्हणजे पोलादावर वापराने चढणारा थर आहे आणि लाल गंजाला बऱ्यापैकी अडवतो. मग सांध्याकडे वळा, कारण खरा गंज तिथे लपलेला असतो. पातं अर्धं उघडून खिळीवर दोन्ही बाजूंनी एकेक थेंब लिक्विड पॅराफिन सोडा. केमिस्टकडे मिळतं तेच, ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं. वीसेक वेळा उघडझाप केली की सांध्यातून काळं पाणी येईल. ते फडक्याने टिपा आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. पात्यावर तेलाची फक्त झाक हवी, ओघळ नको. गोडं तेल चिकट होऊन स्प्रिंग जड करतं आणि खोबरेल खवट होतं. दोन्ही टाळा.

नंतर चाकू हवाबंद डब्यात ठेवा. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. रंग बदलणारे दाणे घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. एक सावधगिरी मात्र नक्की बाळगा. जुन्या चाकूंपैकी एखाद्याची मूठ सेल्युलॉइडची असेल तर तो वेगळा, हवा खेळेल असा ठेवा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद डब्यातले शेजारचे चाकूही गंजतात.

पॅटिना मुद्दाम चढवायचा असेल तर मुंबईत एप्रिल-मेसारखा काळ नाही. पातं साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, दोन-तीन कैऱ्या चिरा आणि रस दहा मिनिटं तसाच राहू द्या. धारेजवळ आधी निळी, मग जांभळट, शेवटी करडी छटा उतरताना डोळ्यांना दिसते. लगेच धुवा, कोरडं करा, तेल लावा. मीठ-तिखट मात्र कैरीला नंतर ताटलीत लावा, पात्याला मीठ लागू देऊ नका.

प्रश्न : मित्र जमले की अशाच घडीच्या चाकूने चीज, लिंबू कापतो. बिअर किंवा व्हिस्की सांडली तर पात्याचं नुकसान होतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होतं, आणि बिअरने जास्त होतं. बिअर आम्लधर्मी असते, शिवाय तिच्यात साखरेचा अंश असतो. तो सांध्यात सुकला की पातं अडकत उघडतं. व्हिस्की उडून जाते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्यातला अल्कोहोल उडाला तरी मागे उरतं पाणी. काहीही सांडो, चाकू त्याच रात्री कोमट पाण्याने धुवा, पातं उघडं ठेवून पंख्याखाली तासभर वाळवा, मग तेल लावा. पात्याचं टोक बाटलीच्या झाकणाखाली घालून झाकण उचकटू नका, टोक तुटतं. चिराचिरी आणि धार लावणं पहिल्या पेल्याच्या आधी उरका. बिनखटक्याच्या चाकूचं पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. ढिल्या हाताने उलटा जोर पडला तर ते बोटांवर मिटतं.

प्रश्न : सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली दीड वर्ष अर्धी पडून आहे आणि आता वास फिका वाटतो. पाणी किती घालावं, यावरही घरात एकमत नाही. (एक वाचक, दादर)

उत्तर : बाटलीतली रिकामी जागा म्हणजे हवा. ती सुगंध नेते आणि उरलेल्याची चव बदलते. एक तृतीयांश उरली की १०० किंवा २०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. बाटली नेहमी उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खातो. फ्रिजवरचं कपाट नको, तिथली उष्णता दिवसभर बुचावर दाब आणते. कपाटाचा तळकप्पा बरा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ४६ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं की तीव्रता ४० च्या किंचित खाली येते. तेवढ्यानेच सुगंध मोकळा होतो. बहुतेक देशी व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या असतात, त्यांना अर्धा चमचा पुष्कळ. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा वास आधी नाकात जातो. बर्फ घातल्यावर ४६ टक्क्यांची व्हिस्की धुरकट झाली तर घाबरू नका. ती थंड करून गाळलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : अंधेरीहून ग्राउलरमध्ये, म्हणजे बिअर भरून न्यायच्या मोठ्या बाटलीत, ताजी बिअर मुलुंडला आणली. फेस नाही आणि वासही विचित्र. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : दोन वेगळी कारणं दिसतात. वास उन्हाचा असावा. प्रकाशामुळे हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, घटकांपासून गंधकाचं संयुग बनतं. पारदर्शक काचेत आणि रिक्षातल्या उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. ग्राउलर तपकिरी काचेचा घ्या आणि बर्फाच्या पिशवीत, कापडात गुंडाळून आणा. बहुतेक मायक्रोब्रुअरीतली (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातली) बिअर पाश्चराइज केलेली नसते. न उघडता, थंड ठेवून दोन दिवसांत आणि उघडल्यावर त्याच दिवशी संपवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, काच फुटते.

फेसाचा दोष बहुधा पेल्याचा. तेलाचा किंवा भांड्याच्या साबणाचा पुसटसा थरही फेस मारतो. ओल्या पेल्यात आतून मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर पेला स्वच्छ, मोकळे पट्टे राहिले तर पुन्हा धुवा. ओतण्याआधी गार पाण्याने खंगाळा. पेला तिरका धरून सुरुवात करा, शेवटचा तिसरा हिस्सा सरळ धरून ओता. व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची बिअर, फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायल्यास केळं-लवंगेचा वास लागत नाही, दहा मिनिटं थांबा.

प्रश्न : असा घडीचा चाकू खिशात घालून बारमध्ये गेलं तर चालतं का? (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : नेऊ नका. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, त्यात खिशातला चाकू बसत नाही हे खरं. पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांत चाकू-सुऱ्या येतात. मेट्रो आणि मॉलच्या तपासणीतही तो अडतो. मद्यपरवाना मात्र सोबत असू द्या.

प्रश्न : चोरबाजारात केस या अमेरिकन कंपनीचा जुना चाकू पाहिला. साल कसं ओळखायचं? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : पातं उघडून मुळाशी, म्हणजे सांध्याजवळचा ठसा भिंगातून पाहा. नुसतं 'केस डबल एक्स' असेल तर १९४० ते १९६४. खाली 'यूएसए' आलं पण ठिपके नाहीत, तर १९६५ ते १९६९. १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एकेक कमी होत गेला, म्हणजे सात ठिपके १९७३ चे. १९८० पासून नावातला 'एस' विजेसारखा वाकडा झाला आणि ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले.

मग पात्याकडे बघा. नख घालायची खाच धारेच्या फार जवळ आली असेल किंवा मिटलेल्या चाकूचं टोक बाहेर डोकावत असेल, तर पातं झिजवून पुन्हा आकाराला आणलेलं आहे. ठसा पुसट आणि पातं आरशासारखं चकचकीत, म्हणजे बफिंग, यंत्रावर घासून पॉलिश, झालंय. दोन्हीत किंमत उतरते. पातं आडवं हलवून पाहा, ते डुगडुगायला नको. मिटताना 'टक्' असा टणक आवाज यायला हवा.

मुळावरचा आकडाही वाचा. ६२५४ म्हणजे ६ हा खोदीव हाडाच्या मुठीचा, २ हा पात्यांच्या संख्येचा आणि ५४ हा ट्रॅपर नावाच्या नमुन्याचा. पहिला आकडा ५ असेल तर मूठ हरणाच्या शिंगाची, आणि ते बहुधा सांबरशिंग असतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे त्याची खरेदी-विक्री अडचणीची आहे, तेव्हा तो चाकू कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.