वाचकांचे प्रश्न : छापखाना आहे, पण नोटा छापण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : आमच्या नाशिक रोडला नोट प्रेस आहे, तसा ग्रीसकडेही नोटांचा छापखाना असल्याचे वाचले. मग २०१० मध्ये कर्ज फेडता येईना, तेव्हा त्या देशाने नोटा छापून ते का फेडले नाही? महाराष्ट्रावरही मोठे कर्ज आहे. आपल्यावर तशी वेळ येईल का?
— एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : नाशिक रोडची प्रेस रिझर्व्ह बँकेच्या मागणीप्रमाणे नोटा छापते, त्यात महाराष्ट्र शासनाला काहीही अधिकार नसतो. ग्रीसचेही तसेच आहे. २००१ मध्ये युरो क्षेत्रात, म्हणजे युरो हे सामाईक चलन वापरणाऱ्या देशांत, गेल्यापासून अथेन्सजवळचा तो छापखाना युरोपीय मध्यवर्ती बँकेने ठरवून दिलेल्या नोटाच छापू शकतो, आणि कोणत्याही सरकारला थेट कर्ज देण्यास या बँकेला युरोपीय संघाच्या करारानेच मनाई आहे. स्वतःचे चलन असते तर त्याचे अवमूल्यन करून निर्यात आणि पर्यटन स्वस्त करता आले असते. ती वाट बंद असल्यामुळे सारा भार वेतन, निवृत्तिवेतन आणि रोजगारावर पडला. २०१३ मध्ये तेथील बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली होती.

ग्रीसने उधळपट्टी केली आणि तूट लपवली, हे खरे. पण तेवढ्याने हे संकट समजत नाही, असे माझे मत आहे. युरोच वापरणाऱ्या स्पेनचे सरकारी कर्ज २००७ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांहूनही कमी होते आणि अर्थसंकल्पात शिल्लक होती. घरबांधणीची तेजी कोसळली, बँका अडचणीत आल्या आणि जुलै २०१२ मध्ये त्या देशाच्या दहा वर्षांच्या सरकारी कर्जरोख्यांवरील व्याजदर सात टक्क्यांच्या वर गेला. २०११ मध्ये ब्रिटनवरील कर्जाचे प्रमाण स्पेनहून अधिक होते, तरी त्याला कितीतरी कमी व्याजाने पैसा मिळत होता, कारण पौंड काढणारी बँक ब्रिटनच्या पाठीशी होती. २६ जुलै २०१२ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी लागेल ते करण्याची ग्वाही दिली आणि सप्टेंबरमध्ये बँकेची रोखेखरेदीची योजना जाहीर झाली. त्या योजनेखाली एकही रोखा विकत घ्यावा लागला नाही, तरी व्याजदर उतरले.

महाराष्ट्राची स्थिती वेगळी आहे. रुपयामागे रिझर्व्ह बँकेबरोबर केंद्राची तिजोरीही आहे. वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार केंद्रीय करांचा वाटा राज्यांना मिळतो, तर युरोपीय संघाचा अर्थसंकल्प तेथील एकूण उत्पन्नाच्या साधारण एक टक्काच असतो. शिवाय केंद्राकडून घेतलेले कर्ज शिल्लक असेपर्यंत राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार केंद्राची संमती लागते. त्यामुळे ग्रीससारखी कर्जबुडवी होण्याची शक्यता फार कमी आहे. धोका आहे तो व्याजाचा भार वाढून सिंचन, आरोग्य आणि शाळांवरचा खर्च आक्रसण्याचा. म्हणून अर्थसंकल्प आला की, केवळ एकूण कर्जाचा आकडा न पाहता, महसुली जमेतील किती हिस्सा व्याजावर जातो, हे आपण अवश्य तपासावे.