खाऱ्या पाण्यात गळ केव्हा टाकावा?

प्रश्न : आम्ही साकोली तालुक्यातले. बोडीवर (गावच्या लहान तळ्यावर) गळाने मासे धरण्याची सवय आहे. मे महिन्यात कोकणात गेल्यावर गळ केव्हा टाकावा?

उत्तर : आपल्या बोडीचे पाणी दिवसभर एकाच पातळीवर असते, समुद्राचे मात्र सुमारे सव्वासहा तास चढते, तितकेच तास उतरते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून आधी तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबर असते. नवख्याने अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असण्याचा काळ, निवडावा आणि भरती चढू लागताच खाडीकाठी गळाला ताजी कोळंबी लावून बसावे. तांबोशी किंवा जिताडा लागला, तर दोरी एकदम ताणू नये. शेवाळलेल्या खडकावर मात्र कृपया उतरू नका. घरी परतण्यापूर्वी गळ आणि रीळ गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर मिठाने गंज चढतो.