‘सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न असा आहे: ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट फॉर द सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क’ या नावासाठी ‘दक्षिण न्यूयॉर्क जिल्हा न्यायालय’ हे भाषांतर बरोबर आहे का? ‘जिल्हा’ खटकत असेल, तर त्या जागी ‘विभाग’ किंवा ‘खंडपीठ’ घ्यावे का?

‘जिल्हा’ ठेवता येतो, पण त्याच्या आधी ‘संघीय’ (फेडरल) असल्याशिवाय नाही. ‘दक्षिण न्यूयॉर्क’ मात्र ठेवता येत नाही, कारण तिथे ‘दक्षिण’ हे विशेषण जिल्ह्याचे आहे, न्यूयॉर्कचे नाही. ‘विभाग’ आणि ‘खंडपीठ’ दोन्ही चुकतात, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

आधी मूळ शब्द पाहू. इंग्रजी ‘डिस्ट्रिक्ट’ मध्ययुगीन लॅटिन ‘डिस्ट्रिक्टस’वरून आला. एखाद्या सरदाराला सक्ती करण्याचा, जप्ती आणण्याचा अधिकार जिथवर चाले, तो प्रदेश म्हणजे डिस्ट्रिक्टस. म्हणजे या शब्दाच्या मुळाशीच न्यायाची सत्ता आहे. आपला ‘जिल्हा’ अरबीतून आला, तिथे मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू असा आहे. मोठ्या मुलखाची एक बाजू, म्हणून महसुलाचा एक भाग. मराठी माणसाच्या मनात ‘जिल्हा’ म्हटले की जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद उभी राहते. अमेरिकेतल्या संघीय डिस्ट्रिक्टला ना जिल्हाधिकारी असतो ना परिषद. तो केवळ न्यायदानासाठी आखलेला प्रदेश आहे. तिथल्या कायद्यातही पूर्ण संज्ञा ‘ज्युडिशियल डिस्ट्रिक्ट’, म्हणजे ‘न्यायिक जिल्हा’ अशीच आहे. आपल्या प्रशासकीय जिल्ह्याला जवळचा असलेला तिथला घटक म्हणजे काउंटी.

हे न्यायिक जिल्हे २४ सप्टेंबर १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाने आखले गेले. तोपर्यंत अकराच राज्यांनी नवी राज्यघटना मान्य केली होती, तरी जिल्हे तेरा झाले. कारण मॅसॅच्युसेट्समधून मेन आणि व्हर्जिनियामधून केंटकी हे भाग वेगळे जिल्हे केले. न्यूयॉर्क तेव्हा एकच जिल्हा होता. त्याचे न्यायालय ३ नोव्हेंबर १७८९ रोजी जेम्स डुएन यांच्यापुढे भरले, आणि नव्या राज्यघटनेखाली बसलेले ते पहिले न्यायालय ठरले. सर्वोच्च न्यायालयाची पहिली बैठक त्यानंतर, फेब्रुवारी १७९० मध्ये झाली. वकीलवर्ग या न्यायालयाला ‘मदर कोर्ट’ म्हणतो, तो याच मानामुळे.

९ एप्रिल १८१४ रोजी न्यूयॉर्कचे दोन जिल्हे झाले, उत्तर आणि दक्षिण. १८६५ मध्ये दक्षिणेतून पूर्व जिल्हा निघाला, १९०० मध्ये उत्तरेतून पश्चिम. आज दक्षिण जिल्ह्यात आठ काउंट्या आहेत: न्यूयॉर्क काउंटी म्हणजे मॅनहॅटन, ब्राँक्स, वेस्टचेस्टर, रॉकलंड, पुटनम, ऑरेंज, डचेस आणि सलिव्हन. आता नकाशा उघडून पाहा. राज्याचा सर्वांत दक्षिणेकडचा भाग, म्हणजे स्टेटन आयलंड, पूर्व जिल्ह्यात आहे. ब्रुकलिन, क्वीन्स आणि सगळे लाँग आयलंडही तिथेच. ‘दक्षिण’ हे १८१४ च्या वाटणीचे नाव मागे उरले आहे, आजच्या भूगोलाचे वर्णन ते करत नाही. म्हणूनच ‘दक्षिण न्यूयॉर्क’ लिहिले की वाचक चुकीच्या जागी बोट ठेवतो. एकाच शहराचे दोन संघीय जिल्हे होतात हेही लक्षात असावे: वॉल स्ट्रीट आणि संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय दक्षिण जिल्ह्यात, तर केनेडी विमानतळ क्वीन्समध्ये असल्यामुळे पूर्व जिल्ह्यात. विमानतळावरच्या अटकेचे प्रकरण ब्रुकलिनच्या न्यायालयात का गेले, याचे उत्तर या सीमारेषेत आहे. (दोन्ही जिल्ह्यांमधल्या खाडी-समुद्राच्या पाण्यावर मात्र दोघांचाही अधिकार चालतो.)

सगळ्याच राज्यांची अशी वाटणी झालेली नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांना प्रत्येकी चार जिल्हे आहेत. मराठी वस्ती दाट असलेले न्यू जर्सी मात्र अख्खे एकच जिल्हा आहे आणि त्याचे न्यायालय नूअर्क, ट्रेंटन आणि कॅमडेन येथे बसते. देशभरात अशी ९४ न्यायालये आहेत. वायोमिंगचा जिल्हा तर राज्याची सीमाही ओलांडतो: यलोस्टोन उद्यानाचे माँटाना आणि आयडाहोमधले तुकडे त्यालाच जोडलेले आहेत.

‘संघीय’ शब्दावर माझा एवढा आग्रह का, ते आता सांगतो. भारतात न्यायालयांची उतरंड एकच आहे. केंद्राचा कायदा असो की महाराष्ट्राचा, दावा पुण्याच्या त्याच न्यायालयात लागतो आणि अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. त्यामुळे ‘जिल्हा न्यायालय’ म्हटले की आपण उच्च न्यायालयाखालची एक पायरी समजतो. अमेरिकेत दोन उतरंडी शेजारी शेजारी उभ्या आहेत, राज्याची आणि संघराज्याची. मॅनहॅटनमध्ये दोन्हींची न्यायालये फोली स्क्वेअरभोवती अगदी जवळजवळ आहेत, म्हणून गोंधळ वाढतो. त्यात न्यूयॉर्क राज्याने नावे उलटी ठेवली आहेत. तिथे ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटले चालवणारे प्रथम न्यायालय आहे आणि राज्याचे शिखर न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ आहे. ‘न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टा’च्या बातमीत ‘सर्वोच्च न्यायालय’ लिहिले, तर खालची पायरी थेट शिखरावर जाते. ‘न्यूयॉर्क राज्याचे सुप्रीम कोर्ट (प्रथम न्यायालय)’ असे लिहावे. सरकारी वकिलांचेही तसेच. ‘डिस्ट्रिक्ट अटर्नी’ हा काउंटीचा, राज्याच्या कायद्याखाली खटले चालवणारा निवडून आलेला वकील. ‘युनायटेड स्टेट्स अटर्नी’ हा संघीय जिल्ह्याचा, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला. दोघांनाही ‘जिल्हा सरकारी वकील’ म्हटले तर कोणता खटला कोणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

‘संघीय’बाबतही एक खबरदारी घ्यावी. ‘संघीय न्यायालय’ हे शब्द आपल्या इतिहासात आधीच येऊन गेले आहेत. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी होते. ते वरचे न्यायालय होते आणि १९५० मध्ये त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली. जुने वाचन असलेला वाचक ‘संघीय न्यायालय’ म्हटल्यावर तिकडे जाऊ शकतो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘संघीय’ आणि ‘जिल्हा’ दोन्ही असावेत: एकाने उतरंड कळते, दुसऱ्याने पायरी.

आता ‘ज्युरिसडिक्शन’. मराठीत यासाठी ‘अधिकारिता’, ‘अधिकारक्षेत्र’, ‘कार्यक्षेत्र’ आणि हिंदीतून आलेला ‘क्षेत्राधिकार’ असे चार शब्द सरमिसळ फिरतात. या न्यायालयाबद्दल लिहिताना ते वेगळे ठेवले नाहीत तर वाक्याचा अर्थच बदलतो. विषय ऐकण्याची ताकद ती ‘अधिकारिता’. आठ काउंट्या हे ‘कार्यक्षेत्र’. अधिकारिता असलेल्या न्यायालयांपैकी दावा नेमका कुठे लावायचा, ते ‘दाव्याचे स्थळ’. अधिकारिता नसेल तर दोन्ही बाजूंची संमती असूनही संघीय न्यायालय प्रकरण ऐकू शकत नाही. स्थळाबद्दल मात्र वेळेत हरकत घेतली नाही, तर ती हरकत संपते.

अधिकारितेची मुख्य दारे दोन. एक, संघीय कायद्यातून उठलेला प्रश्न: रोखे व्यवहारातली फसवणूक, पेटंट, कॉपीराइट, दिवाळखोरी आणि संघीय गुन्हे. दुसरे, वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधला वाद, मग कायदा राज्याचा का असेना. या दुसऱ्या दारावर भाषांतर फार घसरते. रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त हवी. नेमके ७५,००० चालत नाहीत, आणि त्यात व्याज व खर्च धरत नाहीत. ‘७५,००० किंवा अधिक’ असे लिहिणे म्हणून चूक आहे. (१७८९ मध्ये हीच मर्यादा ५०० डॉलर होती.) शिवाय एकही वादी आणि एकही प्रतिवादी एकाच राज्याचे असता कामा नयेत. परदेशी नागरिकालाही हे दार उघडे असते. पण ग्रीनकार्डधारक न्यू जर्सीत स्थायिक असेल आणि समोरचाही न्यू जर्सीचा असेल, तर ते बंद होते.

मराठी कुटुंबांना या न्यायालयांशी संबंध येण्याचे एक नेहमीचे कारण नागरिकत्वाचा अर्ज. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर अर्जदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात जाता येते. इथे ‘जिल्हा’ म्हणजे न्यायिक जिल्हा, काउंटी नव्हे.

दोन क्रियापदे विशेष फसवी आहेत. राज्याच्या न्यायालयातला दावा प्रतिवादीने संघीय न्यायालयात नेणे म्हणजे ‘रिमूव्हल’. याला ‘काढून टाकणे’ म्हणू नये, त्याने दावा संपल्यासारखे वाटते. आपल्या कोर्टकचेरीतला शब्द ‘वर्ग करणे’ आहे. पण इथे आदेश लागत नाही, प्रतिवादी साधारणपणे दावा हाती पडल्यापासून ३० दिवसांत सूचना दाखल करतो, म्हणून ‘वर्ग करून घेणे’ म्हणावे. संघीय न्यायालयाला अधिकारिता नाही असे ठरले, की दावा ‘रिमांड’ होतो. मराठी वाचकाला रिमांड म्हणजे कोठडी! तिथे सरळ ‘राज्य न्यायालयाकडे परत पाठवला’ लिहावे.

हे सगळे एका प्रकरणात दिसते. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर अमेरिकेतल्या निरनिराळ्या संघीय न्यायालयांत लागलेले दावे १९८५ च्या सुरुवातीला एकत्र करून दक्षिण जिल्ह्यात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे ठेवले गेले. त्याच वर्षी भारत सरकारनेही तिथे दावा लावला. १२ मे १९८६ रोजी कीनन यांनी गुणदोषांत न शिरता, भारतातील न्यायालयेच या वादासाठी योग्य जागा आहेत, असे म्हणून दावे काढून टाकले. प्रतिवादी कंपनी युनियन कार्बाइडने भारतीय न्यायालयांची अधिकारिता मान्य करावी आणि दावा मुदतबाह्य असल्याचा बचाव घेऊ नये, अशा अटी घातल्या. कीनन यांच्याकडे अधिकारिता नव्हती असे अजिबात नाही. ती असूनही त्यांनी वापरली नाही, आणि ‘अधिकारिता नसल्याने फेटाळले’ असे लिहिणारा निकालाचा गाभाच बदलून टाकतो. त्यानंतर भारत सरकारने दावा लावला तो भोपाळच्या जिल्हा न्यायालयात. १९८७ च्या डिसेंबरमध्ये त्या न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई ठरवली, ती पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २५० कोटींवर आणली. ही हकीकत मराठीत सांगताना ‘संघीय’ गाळले, तर ‘जिल्हा न्यायालयाने दावा काढला, मग तो जिल्हा न्यायालयात लागला’ असे निरर्थक वाक्य हाती येते.

आता सुचवलेले पर्याय. ‘खंडपीठ’ चालत नाही, कारण नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ हा एकाच मुंबई उच्च न्यायालयाचा भाग आहे. न्यूयॉर्कचे दक्षिण आणि पूर्व जिल्हे ही स्वतंत्र न्यायालये आहेत. प्रत्येकाचे न्यायाधीश, मुख्य न्यायाधीश आणि स्थानिक नियम वेगळे. ‘विभाग’ अधिक मोहात पाडतो: अनेक काउंट्यांचा मिळून एक घटक, म्हणजे आपल्या पुणे किंवा नाशिक विभागासारखाच. पण काही संघीय जिल्ह्यांत पुन्हा ‘डिव्हिजन’ असतात, उदाहरणार्थ टेक्सासच्या उत्तर जिल्ह्यात डॅलस डिव्हिजन. ‘विभाग’ त्यासाठी राखून ठेवायला हवा. ‘सर्किट’ मात्र मराठीत आहे तसाच घ्यावा. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे, त्यामुळे शब्द घरोघरी पोचला आहे. अमेरिकेत जुनी सर्किट न्यायालयेही खटले चालवत. १ जानेवारी १९१२ पासून ती बंद होऊन ते काम जिल्हा न्यायालयांकडे आले. आज ‘सेकंड सर्किट’ म्हणजे दक्षिण जिल्ह्याच्या वरचे अपील न्यायालय.

न्यायाधीशांची पदनामेही जपून घ्यावीत. तिथला ‘डिस्ट्रिक्ट जज’ राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि पद तहहयात असते. दक्षिण जिल्ह्यासाठी अशी २८ पदे मंजूर आहेत. महाराष्ट्रातल्या बदल्या होणाऱ्या, ठरल्या वयात निवृत्त होणाऱ्या जिल्हा न्यायाधीशापासून वेगळा ओळखू यावा म्हणून ‘संघीय न्यायाधीश’ पुरते. ‘मॅजिस्ट्रेट जज’ला ‘दंडाधिकारी’ कधीही करू नये. आठ वर्षांसाठी नेमलेला हा न्यायाधीश दिवाणी दावेही हाताळतो, आणि पक्षकारांची संमती असेल तर निकालही देतो.

मी पूर्ण नाव असे लिहीन: ‘न्यूयॉर्कच्या दक्षिण न्यायिक जिल्ह्याचे संघीय जिल्हा न्यायालय’. पुढच्या उल्लेखांत ‘दक्षिण जिल्ह्याचे संघीय न्यायालय’. जागा कमी असेल तर ‘जिल्हा’ गाळा, ‘संघीय’ नको. बातमीच्या मथळ्यात ‘मॅनहॅटनचे संघीय न्यायालय’ही चालते, पण आधी खटला क्रमांक पाहा. तो १ ने सुरू होत असेल तर प्रकरण मॅनहॅटनचे; ७ ने सुरू होत असेल तर ते व्हाइट प्लेन्सच्या इमारतीतले, आणि तिथे ‘मॅनहॅटन’ लिहिणे चुकीचे.