सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनच्या संपाला पुण्यातल्या सामान्य माणसाचा पाठिंबा का मिळत नाही?

कारण त्याला स्वतःलाच धड पेन्शन नाही. चाकणच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या कामगाराला ईपीएस-९५ या खासगी नोकरदारांच्या पेन्शन योजनेतून मिळतं काय? पेन्शनसाठी धरला जाणारा पगार १५,००० रुपयांवर अडवलेला, किमान पेन्शन १,००० रुपये. महिन्याचा गॅस सिलिंडरसुद्धा त्यात जड जातो. अशा माणसाने मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या पाहिल्या, आणि त्याच आठवड्यात त्याची सरकारी कामं अडली. राग येणारच.

पण मागणी चुकीची नाही, असं माझं ठाम मत आहे. १ नोव्हेंबर २००५ आधी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, नंतर लागलेल्याची मात्र पगारातून कापून गुंतवलेल्या पैशावर, म्हणजे बाजाराच्या भरवशावर. एकाच टेबलाशी बसणाऱ्या दोन लिपिकांचं म्हातारपण वेगळं! तिजोरीवरचा भार खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. म्हणूनच २०२४ मध्ये २५ वर्षं सेवेला निम्म्या पेन्शनची हमी देणारी, पण कर्मचाऱ्याचीही कपात चालू ठेवणारी मधली वाट निघाली.

संघटनांनी कंत्राटी सफाई कामगाराच्या आणि ईपीएसवाल्याच्या पेन्शनसाठीही तितक्याच जोरात मोर्चा काढावा. तेव्हा पुणेकर सोबत येतील.